दीपमालाताईंचं पान

दीपमाला होवाळ यांच्याविषयी सांगायचं तर आधी एक कबुली द्यायला हवी. पहिली सहा वर्षं मी त्यांना कामातला खोडा समजत होतो.

मी विश्वजित. मूळचा वाईचा, शिक्षणानं इंजिनिअर. बायकोला मिरजेच्या दवाखान्यात नोकरी लागली म्हणून पुणं सोडून सांगलीला आलो आणि वीरधवल सरांच्या कंपनीत प्रोग्रामर म्हणून लागलो. खाली दातांचा डॉक्टर, वर आम्ही बारा माणसं. दूध संस्था, पतसंस्था, पाणी वापर संस्था यांना लागणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. मी लिहायचं आणि दीपमालाताईंनी तपासायचं, अशी रीत होती. शुक्रवारी मी ‘झालं’ म्हणून हात झटकावेत आणि सोमवारी ताई हातात कागद घेऊन टेबलापाशी उभ्या.

“सर, एकाच गावात एकाच नावाचे दोन गवळी असले तर?”

“सर, दूध मोजताना मध्येच लाईट गेली तर?”

मी मनातल्या मनात कपाळाला हात लावायचो. ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठ्या, पण पदवी नाही. बारावी आणि तासगावच्या आयटीआयमधला एक वर्षाचा कॉम्प्युटरचा कोर्स, एवढंच शिक्षण. माझ्यासारख्याला हे प्रश्न त्यांनी विचारावेत याचं मला तेव्हा वाईट वाटायचं. आज त्या ‘तेव्हा’ची लाज वाटते.

त्यांचं माहेर तासगावजवळचं. आई चंद्राबाई बेदाण्याच्या शेडवर मजुरीला जायच्या. दीपमाला चौथीत होती तेव्हापासून गावातल्या विहारात संध्याकाळी म्हाताऱ्या माणसांना पेपर वाचून दाखवायची. वाचून झालं की म्हातारे विचारायचे, “म्हंजी काय गं?” मग तिला ते आपल्या शब्दांत सांगावं लागायचं. न कळता वाचलेलं तिथं चालत नसे. ताई म्हणतात, मी तपासायला तिथंच शिकले.

लग्न होऊन त्या सांगलीत आल्या. पहिली नोकरी एका ठेकेदाराकडे, जुन्या जमिनीच्या नोंदी कॉम्प्युटरवर टाईप करण्याची. दिवसाला तीनशे ओळी. एके दिवशी एक म्हातारी शोधत शोधत तिथं आली. नाव भामाबाई. कागदावर तिचं नाव ‘भीमाबाई’ पडलं होतं आणि त्या एका वेलांटीपायी बाईनं तालुक्याला तीन हेलपाटे घातले होते. ती भांडली नाही. फक्त म्हणाली, “मी भामा हाय गं बाई. भीमा माझी जाऊ व्हती, ती मेली.” टाईप दीपमालाताईंनीच केलं होतं. दुसऱ्या दिवशी रजा टाकून त्या भामाबाईंबरोबर स्वतः गेल्या आणि नाव दुरुस्त होईपर्यंत तिथं बाकावर बसून राहिल्या. ठेकेदारानं त्या दिवसाचा खाडा धरला. ताईंनी ती नोकरी सोडली आणि आमच्या कंपनीत आल्या.

दोन वर्षांपूर्वी आमच्या कामात एआय आलं. आधी नुसतं मदतीला, मग पूर्ण कामालाच. एजंट म्हणतात त्याला. काय हवं ते साध्या भाषेत सांगायचं आणि तो स्वतः कोड लिहितो, स्वतःच चाचण्या लिहितो, चालवतो, चुकलं तर दुरुस्त करतो. जे मला तीन आठवडे लागायचं ते दोन दिवसांत व्हायला लागलं. वीरधवल सर साताऱ्याहून कंदी पेढे घेऊन आले. मी तर हवेतच होतो. पडद्यावर चाचण्यांची रांग लागायची आणि सगळ्या हिरव्या, म्हणजे पास.

त्याच आठवड्यात सरांनी ताईंना केबिनमध्ये बोलावलं. मीही होतो.

“ताई, तपासायचं काम आता यंत्रच करतंय. तुम्ही फोनवर बसा. लोकांच्या तक्रारी घ्यायला माणूस लागणारच आहे.”

ताई म्हणाल्या, “बसते. पण गरज वाटली तर गावाला जायची मोकळीक द्या.”

“जा की,” सर म्हणाले. बाहेर आल्यावर ताईंनी आपलं टेबल स्वतः पुसलं, खुर्ची उचलली आणि फोनच्या कोपऱ्यात नेऊन ठेवली. मी मदतीला उठलो नाही. हेही लिहून ठेवतो.

तेव्हा आमच्याकडे सगळ्यात मोठं काम होतं जतच्या पूर्वेकडच्या अकरा गावांच्या पाणी वापर संस्थेचं. त्या भागात पूर्वी पाणीच नव्हतं. माणसं मेंढरं घेऊन वर्षातले आठ महिने फिरायची. उपसा सिंचन योजनेचं पाणी आलं आणि घरं स्थिरावली, मका, डाळिंब दिसायला लागलं. पण पाणी पाळीनं येतं. कुणाच्या शेतात कधी सोडायचं याची यादी पाटकऱ्याकडे असते. पाणी सोडणारा माणूस तो पाटकरी. ही यादी आता आमचं सॉफ्टवेअर बनवणार होतं. शेतकऱ्यानं फोनवर बोलून निरोप ठेवायचा, पाणी हवं, नको, आलं, आलं नाही. यंत्र ते ऐकून यादी बदलणार. सगळं मी एजंटकडून अकरा दिवसांत करून घेतलं होतं. त्याला सांगितलं होतं ते चार ओळींत.

पहिल्या दोन आठवड्यांत फोन फार आले नाहीत. मी समजलो, छान चाललंय. ताईंना मात्र ते खटकलं. त्या म्हणाल्या, “वरच्या गावांचे लोक कौतुक करायला फोन करतात. शेवटच्या दोन गावांचे करतच नाहीत. माणूस तक्रार करायची सोडतो तवा काहीतरी बिघडलेलं असतंय.” ताई विचारात पडल्या की बोलण्यात तासगाव येतं.

रविवारी त्या एसटीनं जतला गेल्या आणि तिथून वडापच्या, म्हणजे सीटवर भाडं घेणाऱ्या, जीपनं शेवटच्या गावाला. तिथल्या यल्लाप्पांच्या शेतावर काय झालं ते त्यांनी मला नंतर सांगितलं.

यल्लाप्पांचं वय सत्तरीचं. कालव्याच्या अगदी शेवटच्या टोकाला शेत. बांधावर साठेक मेंढरं, आणि मेंढरांसाठी केलेला अर्धा एकर मका पार करपलेला.

“आबा, तुमी निरोप का ठेवत न्हाई?” ताईंनी विचारलं.

“ठिवला की! दोनदा ठिवला. आन दोनी बारीला माझी पाळीच गेली. निरोप ठिवला न्हाई तर उशिरा का हुईना येतंय पानी. म्हून आता गप बसतोय.”

“काय बोलला हुता?”

“काय म्हंजी? परवा पानी न्हाई, आसं म्हणलो.”

ताई म्हणतात, ते ऐकलं आणि मला घोळ कळला. परवा पाणी आलं नाही, असं म्हातारा सांगत होता. झालेल्या दिवसाविषयी. आणि यंत्रानं घेतलं, येत्या परवाला पाणी नको. नको म्हणतोय तर पाळी पुढच्याला. दोनदा.

सोमवारी ताई ऑफिसात आल्या. मला वाटलं, आता माझी शोभा होणार. त्यांनी फक्त सगळ्यांना टेबलाभोवती बोलावलं आणि यल्लाप्पांचा निरोप मोठ्यानं लावला. वारा, मेंढरांचा आवाज, आणि मग तीन शब्द.

“सर, याचा अर्थ काय?” त्यांनी वीरधवल सरांना विचारलं.

“परवा पाणी नको म्हणतोय,” सर म्हणाले.

“नाही हो,” आमची हिशेबनीस राजेश्वरी म्हणाली, “परवा आलं नाही म्हणतोय.”

ताई सोडून आम्हा अकराजणांत सहाजणांनी एक अर्थ सांगितला, पाचांनी दुसरा. सगळे मराठी, सगळे इथलेच.

“पण चाचण्या हिरव्या होत्या,” मी म्हणालो.

“असणारच,” ताई म्हणाल्या. “ज्यानं लिहिलं त्यानंच तपासलं. जे त्याला लिहिताना सुचलं न्हाई ते तपासताना कसं सुचंल? आणि सर, यंत्राला दोष देऊ नका. आपल्यालाच एकमत हुईना. शंका आली तर कुणाला विचारायचं, हे आपण त्याला सांगितलंच नव्हतं.”

वीरधवल सरांनी उठून पहिल्यांदा यल्लाप्पांना फोन लावला आणि माफी मागितली. मग फोन माझ्या हातात दिला. मीही मागितली. म्हातारा म्हणाला, “आसूं द्या. ती ताई आली, बसली, भाकरी खाल्ली. न्हाईतर हिकडं कोन येतंय?”

सरांनी ताईंना विचारलं, “मग काय करायचं?” ताईंनी एक महिना मागितला, आणि त्या महिन्यात आमची काम करायची पद्धतच बदलली.

ताईंची पद्धत सांगायला सोपी आहे. कोडची एकही ओळ लिहिण्याआधी एक पान लिहायचं, मराठीत. ज्याचं काम आहे त्याच्याकडे जाऊन, त्याच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे. काय झालं पाहिजे. काय कधीच होता कामा नये. आणि शंका आली तर थांबून कुणाला विचारायचं. पान त्या माणसाला वाचून दाखवायचं, तो ‘व्हय’ म्हणेपर्यंत. खाली लिहिणाऱ्यानं स्वतःचं नाव घालायचं. कंपनीचं नाव चालणार नाही, माणसाचं हवं. मग ते पान दोन वेगळ्या एजंटना द्यायचं. एक कोड लिहिणार, दुसरा नुसतं पान वाचून चाचण्या लिहिणार. त्याला कोड दाखवायचाच नाही. दोघांचं जमलं नाही तर वाद पानाकडे आणायचा, आणि पानही अपुरं पडलं तर पुन्हा गावाला. दर बुधवारी आमच्यातला एक जण कुठल्या ना कुठल्या गावाला जाणार, पाळीपाळीनं. प्रोग्रामरसुद्धा.

मी कुरकुरलो. पाळीच्या कामाचं पहिलं पान लिहायला ताईंना चार दिवस लागले. मी म्हणालो, “ताई, एजंट हे तासाभरात लिहील.”

“तासात लिहील की. पण बरोबर हाय का ते कळायला यल्लाप्पा आबांच्या अजून दोन पाळ्या जातील.”

चार दिवसांनी पान झालं. ते दोन एजंटकडे गेलं आणि दुपारपर्यंत कोड तयार. वेग कुठं गेलाच नव्हता, तो फक्त नंतर आला. त्यात मला आवडलेली गोष्ट अशी की दुसऱ्या एजंटनं चाचण्या लिहिण्याआधी स्वतःहून सात प्रश्न पाठवले. पानावर विचारायची मुभा होती ना! त्यातला एक प्रश्न असा होता : निरोप ठेवणाऱ्याचा मृत्यू झाला असेल आणि शेत मुलगा कसत असेल, तर पाळी कुणाच्या नावानं धरायची? ताईंनी तो वाचला आणि माझ्याकडे बघून हसल्या. “हा आपल्यातला हाय,” म्हणाल्या.

नव्या पद्धतीनं पाण्याचं पहिलं आवर्तन सुरू झालं ते उन्हाळ्यात. यंत्राला निरोपाची खात्री नसेल तर ते पाळी बदलायचं नाही. पाटकऱ्याला एक ओळ पाठवायचं, ‘परवा म्हणजे मागचा की पुढचा, विचारून घ्या.’ पाटकरी भाऊसो आधी वैतागला. “मला काय कामं न्हाईत व्हय?” म्हणाला. पण आठवड्यात त्याच्याही ध्यानात आलं की रोज चारपाच प्रश्न येतात, आणि ते निस्तरले की बांधावरची भांडणं होत नाहीत.

पंचविसाव्या दिवशी जे झालं ते आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नसतं. सकाळी शेतकऱ्यांचे निरोप हाताळणाऱ्या एजंटचाच निरोप आला. मागच्या तीन मंगळवारी ‘पाणी कमी आलं’ असं सांगणारे सगळे शेतकरी एकाच चेंबरच्या, म्हणजे पाणी वाटणाऱ्या हौदाच्या, खालचे आहेत. मंगळवारी तिथं काही वेगळं घडतं का, कृपया कुणीतरी जाऊन पाहावं. अकरा गावांचे शेकडो निरोप. त्यातून हा धागा काढायला मला महिना लागला असता, आणि तरी सापडला असता असं नाही.

ताईंनी लगेच फोन लावला तो धोंडुबाईंना. त्या चेंबरशेजारीच धोंडुबाईंची वस्ती. बाई फटकळ, पण नजर घारीची.

“धोंडुबाई, मंगळवारी चेंबरपाशी काय व्हतंय?”

“काय व्हतंय! मंगळवारी वरच्या गावाचं पानी बंद असतंय, मग सगळं पानी हिकडं जोरात येतंय, आन चेंबराच्या बुडातनं ओढ्याला जातंय. मी काठी घालून बघितली. भेग हाय चांगली हातभर.”

“मग सांगितलं न्हाई कुणाला?”

“मला कोन इचारलंय?”

त्याच दुपारी भाऊसो आणि गवंडी जाऊन भेग बुजवून आले. पुढच्या मंगळवारी शेवटच्या दोन्ही गावांना पाणी पोचलं. पूर्ण दाबानं. यल्लाप्पांनी शेतात पाणी नेणाऱ्या चारीत हात घालून ओला हात फोनच्या कॅमेऱ्यापुढं धरला आणि तो फोटो ताईंना पाठवला. ऑफिसात तो मोठ्या पडद्यावर लावला तेव्हा आम्ही लहान पोरांसारख्या टाळ्या वाजवल्या. ताईंनी मात्र आधी पान उघडलं आणि शेवटी दोन ओळी वाढवल्या : ‘भेगेचा माग काढला : एजंट. भेग पाहून खात्री दिली : धोंडुबाई.’ खाली स्वतःचं नाव.

मी विचारलं, “यंत्राचं नाव कशाला?”

“ज्यानं केलं त्याचं लिहायचं,” त्या म्हणाल्या. “न्हाईतर उद्या चुकल्यावर तरी कसं कळणार?”

उन्हाळा संपताना संस्थेची वार्षिक सभा झाली. अकरा गावांचे चारशे शेतकरी मंडपात. अध्यक्षांनी आम्हा सगळ्यांना बोलावलं होतं. व्यासपीठावर वीरधवल सरांना खुर्ची होती, मला होती, ताई मात्र खाली बायकांत बसल्या. सत्काराची शाल अध्यक्षांनी सरांपुढं धरली. सर दोन पावलं मागं सरले आणि माईकवर म्हणाले, “ही शाल ज्यांची आहे त्या खाली बसल्यात. मी त्यांना फोनच्या कोपऱ्यात बसवलं होतं. त्या तिथूनही तुमच्यापर्यंत पोचल्या.” ताई उठेनात. तेव्हा यल्लाप्पा उठले, काठी टेकत त्यांच्यापाशी गेले आणि म्हणाले, “ऊठ ताई. आमच्यासाठनं तरी ऊठ.” त्या उठल्या. वर येताना त्यांनी डोळे पुसले नाहीत, ताठ मानेनं आल्या. तेवढा अभिमान मला स्वतःच्या पदवीदान समारंभातही वाटला नव्हता, आणि त्या दिवशी शाल माझ्या खांद्यावर नव्हती.

पुढं ही गोष्ट पसरली. सांगलीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजनं ताईंना बोलावलं. विषय ठेवला होता ‘माणूस आणि एआय : सॉफ्टवेअर बनवण्याच्या उद्याच्या पद्धती’. ताईंनी बॅनर वाचला आणि मला म्हणाल्या, “एवढं मोठं मला येत न्हाई सर. मी आपलं यल्लाप्पा आबांचं सांगते.” तेच सांगितलं. दोनशे पोरं, आणि पाऊण तास एकही मोबाईल बाहेर निघाला नाही. शेवटी प्रांजल नावाची एक मुलगी उभी राहिली.

“मॅडम, कोड जर यंत्रच लिहिणार, तर आमचं काम राहील का?”

ताई म्हणाल्या, “राहील असं खोटं सांगणार न्हाई. माझं गेलंच होतं. पण यंत्राला कामाला लावणारं कुणीतरी लागतंय, आणि काय करायचं ते ज्याचं शेत हाय त्याच्याकडनं ऐकून आणणारंही. ऐकायला शिका. कोड तर तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला येतोच.”

प्रांजल पुढच्या वर्षीच्या जूनमध्ये आमच्याकडे लागली. तिचं पहिलं पान ताईंनी तीन प्रश्न लिहून परत पाठवलं. त्याच दिवशी माझंही एक परत आलं. त्यावर पाच होते.

गेल्या महिन्यात पाचगणीच्या स्ट्रॉबेरी उत्पादकांच्या संघाचं काम आलं. ते आमच्याहून दसपट मोठ्या कंपनीकडे जायचं होतं. संघानं ताईंचं नाव घेऊन आम्हाला बोलावलं. बुधवारची पाळी माझी होती, ताई पहिलं पान लिहायला बरोबर आल्या. वाटेत वाई. मी त्यांना चहाला घरी नेलं. माझे वडील निवृत्त शिक्षक, सहसा कुणासाठी खुर्चीतून उठत नाहीत. ताई उंबऱ्यात दिसल्या तसे उठले.

“या, या. मी तुमच्याविषयी खूप ऐकलंय. आमचा विश्वजित पूर्वी तुमच्या तक्रारी सांगायचा, हल्ली तुमच्याशिवाय बोलत नाही.” आणि बसल्या बसल्या त्यांनी मास्तरी प्रश्न टाकला, “मला एक सांगा. त्या यंत्राला काम सांगताना तुम्ही ‘अरे’ म्हणता की ‘अहो’?”

“अहोच म्हणते,” ताई म्हणाल्या. “कामाला आलेल्या माणसाला ‘अरे’ म्हणायची आमच्या घरात रीत न्हाई.”

“पण ते माणूस नाही ना.”

“न्हाई. पण मी हाय की.”

बाबा एवढे खूश झाले की आईला आतून बोलावून घेतलं आणि ताईंना ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. मग दोघांचं सुरू झालं ते थांबेना : पान कसं लिहायचं, शब्द जसाच्या तसा का ठेवायचा, कुणाला किती विचारायचं. चहा निवला, आईनं दुसरा ठेवला. मी दोनदा घड्याळ दाखवलं. पाचगणीची एसटी आमच्या डोळ्यांदेखत गेली, आणि आम्ही पुढच्या गाडीनं वर गेलो.